घड्याळ मागे आहे

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आमच्या घरच्या संगणकाचा साऱ्या जगावरचा विश्वास उडाला. वर्तमानपत्राचे पान उघडावे तर ते सुरक्षित नाही, ई-मेल उघडावी तर तीही नाही, आणि शब्दकोशासारख्या निरुपद्रवी ठिकाणी जावे तर तिथेही तीच धोक्याची सूचना. आदल्या रात्री बराच वेळ वीज गेली होती, म्हणून पहिला आळ मी राउटरवर घेतला आणि तो दोनदा बंद करून चालू केला. मग कॅशे पुसली, कुकी पुसल्या, एक्स्टेंशने एकेक करून बंद केली, आणि शेवटी मोबाइलवर उतरवलेला फायरफॉक्स पेनड्राइव्हने आणून पुन्हा नव्याने बसवला. त्या सूचनेखालचा मजकूर मात्र मी वाचला नाही. अशा वेळी मजकूर वाचायचा असतो हे आम्हाला सगळे उपाय थकल्यावरच सुचते.

हा संगणक २०१० सालच्या दिवाळीतला. बुधवार पेठेतून सुटे भाग आणून जोडून घेतलेला, विंडोज ७ चा, दोन जीबी रॅमचा. भाचा दर सुट्टीत येऊन त्याच्याकडे करुणेने पाहतो आणि म्हणतो, "मामा, आता याला भंगारात देऊन टाक." देणे जमत नाही याचे कारण भावनिक कमी आणि व्यावहारिक जास्त आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची सामाईक सांकेतिक पद्धत, घरोघर पोचण्याआधी मी जे काही टंकले ते पेजमेकर या पानांची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या काळच्या फॉन्टांत; तो मजकूर नव्या यंत्रावर नुसता उघडला की देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी दिसते. या डब्यात ते फॉन्ट आहेत आणि ते उघडणारे सॉफ्टवेअरही आहे. तेव्हा डबा राहणार, आणि डबा राहणार म्हणजे त्याच्यासाठी ब्राउझर शोधत बसणेही राहणार.

डबा नवा होता तेव्हा ब्राउझर निवडणे ही आवडीची बाब होती. फायरफॉक्स होता, दोनच वर्षांपूर्वी आलेला क्रोम होता, आणि ऑपेरा तर स्वतःच्या इंजिनावर, म्हणजे पान पडद्यावर उभे करणाऱ्या यंत्रणेवर चालणारा, मिजाशीचा गडी होता. २०१३ मध्ये ऑपेराने आपले इंजिन सोडून क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियमचे घेतले, २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एजनेही तेच केले, आणि ब्रेव्ह व विवाल्डी जन्मले तेच त्यावर. त्यामुळे आज यादी लांबलचक दिसते, पण एकाच भट्टीतले पाव वेगवेगळ्या बेकऱ्यांच्या कागदात गुंडाळावेत तसा तो प्रकार आहे. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ मधली. एजही त्याच आकड्यावर थांबला. क्रोम नाही तर त्याचा भाऊबंद घेऊ, असा मनसुबा रचून मी एक दुपार घालवली आणि सगळ्या दारांवर एकच कुलूप पाहून परत आलो.

उरला फायरफॉक्स. जुलै २०२३ मधली त्याची ११५ वी आवृत्ती विंडोज ७ साठी शेवटची, पण तिची दीर्घ मुदतीची शाखा राखून ठेवली गेली आणि तिच्या सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. घर रिकामे करा म्हणणारा आणि तरी दर खेपेला सहा-सहा महिने देणारा घरमालक जसा वाटतो, तसा तो मला वाटतो. मधल्या काळात पेल मून हा फायरफॉक्सच्या जुन्या घराण्यातला हलका ब्राउझरही वापरून पाहिला. तो चपळ होता, आटोपशीर होता, पण काही पाने त्याच्यात अर्धवट उलगडत आणि काही ठिकाणी बटण दाबले तरी काहीच घडत नसे. बँकेचे व्यवहार तर मी या डब्यावर करतच नाही. विंडोज ७ ची सुरक्षा जानेवारी २०२० मध्येच संपली, आणि एवढी हौस मला नाही.

ब्राउझर मिळाला तरी पोसणे वेगळे. आताचे ब्राउझर बहुतेक टॅबांना स्वतंत्र प्रक्रिया देतात, म्हणजे एक कोसळला तरी शेजारचा उभा राहतो. व्यवस्था उत्तम आहे, पण दोन जीबीत ती वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा बंब दिल्यासारखी होते. रॅम भरली की उरलेला भार हार्ड डिस्कवर जातो, डिस्क कुरकुरू लागते, माउसचा बाण थिजतो, आणि घरातले म्हणतात, "हँग झाला." क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की कोण किती खातो याची यादीच समोर येते. एकदा ती पाहिली तर एका बातमीच्या पानाने साडेतीनशे एमबी खाल्ली होती. बातमी पंधरा ओळींची होती आणि बाकीचा ऐवज जाहिरातींचा, त्यातही एक चित्रफीत पानाबरोबर खाली खाली सरकणारी. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे एक्स्टेंशन बसवल्यावर तेच पान इतके हलके झाले की रॅम वाढवण्याचा विचार मी सोडून दिला.

तर त्या सकाळचे. थकून मी अडगळीतला क्रोम उघडला, आणि तो इतरांसारखा मोघम न बोलता सरळ म्हणाला, तुमचे घड्याळ मागे आहे. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. ते बरोबर होते. मग पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले, त्यावर क्लिक केले, आणि तारीख निघाली १ जानेवारी २००९. संकेतस्थळ आपली ओळख पटवायला ब्राउझरला जे प्रमाणपत्र दाखवते, त्याला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, कित्येकांची तर नव्वदच दिवसांची. २००९ सालात बसलेल्या आमच्या डब्याला जगातले प्रत्येक प्रमाणपत्र अजून जन्माला यायचे होते, मग त्याने विश्वास ठेवावा तरी कसा?

मदरबोर्डवर एक चपटा सेल असतो, तो वीज नसताना घड्याळ चालू ठेवतो. आमचा कधीच संपला असणार. पण भिंतीवरच्या बोर्डाचे बटण सहसा चालूच राहत असल्याने घड्याळ घरच्या विजेवर तग धरून होते, आणि त्या रात्रीच्या अंधारात ते उघडे पडले. सकाळी सुरू होताना काळ्या पडद्यावर एक ओळ येऊन एफ-वन दाबायला सांगत होती. मी ते दाबून मोकळा झालो होतो. ती ओळही वाचली नव्हती.

डब्याची बाजू उघडली, धूळ पुसली आणि पेचकसाच्या टोकाने खिटी दाबली. सेल टुणकन उडून दिवाणाखाली गेला. तो केरसुणीने बाहेर काढला. वर सीआर २०३२ असे कोरले होते, म्हणजे वीस मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. तो मुठीत घेऊन मी कोपऱ्यावरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदारांनी तो भिंगाखाली धरला आणि विचारले, "कुठल्या घड्याळाचा?"

"संगणकाच्या," मी म्हणालो.

त्यांनी डोळ्याचे भिंग काढून माझ्याकडे पाहिले आणि पस्तीस रुपये घेतले.