चौथा वॉशर

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज उपग्रहाचे सगळे पॅनेल लावून तो बंद करायचा होता. तो पुन्हा उघडून, झाकून, कपाटात ठेवून घरी आले.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं. सकाळी नेहमीप्रमाणे टोपी, कोट, बूट-कव्हर, हातमोजे, मग अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडणाऱ्या मनगटपट्ट्याची चाचणी. हिरवा दिवा लागल्याशिवाय मी टेबलाजवळ जात नाही. अंगावरची ठिणगी आपल्याला जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, आणि काही सुटे भाग शंभराच्या आतच दुखावतात. तेही तिथल्या तिथे मेले तर बरं. चाचणीत पास होऊन पुढे महिन्याभराने बंद पडणारा भाग जास्त वाईट.

हा तीन युनिटांचा क्यूबसॅट आहे. दहा बाय दहा सेंटिमीटरचा तळ, उंची चौतीसच्या किंचित वर. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना बांधता यावा म्हणून हे माप ठरवलं, आणि आज कितीतरी उपग्रह त्याच मापात बसतात. बाहेरून डब्यासारखा दिसतो, पण आत बोट घालायला जागा नसते. सर्किटच्या पट्ट्यांवर पट्ट्या चढवलेल्या, मधून हार्नेस म्हणजे वायरींची जुडी, प्रत्येक वायर जिथे वळते तिथे बांधलेली. स्क्रू बसवताना आधी इन्सर्टची, म्हणजे स्क्रू ज्यात फिरतो त्या आट्यांच्या नळीची, स्वतःची पकड मोजायची, ती ठरलेल्या टॉर्कमध्ये, म्हणजे पिळण्याच्या जोरात, मिळवायची, मग ड्रायव्हर लावायचा. 'टक' झालं की थांबायचं. डोक्यावर रंगाची बारीक रेघ ओढायची, म्हणजे पुढे तो तसूभर जरी फिरला तरी कळतं. मला हे काम मनापासून आवडतं. त्या रेघा ओढताना हात आपोआप शांत होतो.

पाचच्या सुमाराला दोन बाजूंचे सोलर पॅनेल बसले होते. सेलवरची काच कागदासारखी पातळ असते, त्यामुळे तेवढा वेळ आम्ही दोघंही बोलत नाही. तिसरा पॅनेल घेण्याआधी सवयीने डबी मोजली. कागदावर चार वॉशर शिल्लक, डबीत तीन.

मी आकडा न सांगता सहकाऱ्याला डबी दिली. "जरा मोजता का?" त्यांनी चिमट्याने एकेक बाजूला केला. "तीन."

खरं लिहायचं तर पहिला विचार असा आला की डबी भरतानाच एक कमी पडला असेल. उद्या सकाळी कंपन चाचणीसाठी शेकर, म्हणजे उपग्रह हादरवून पाहणारं यंत्र, राखून ठेवलेला आहे, आणि ती तारीख मिळवायला आम्ही बरेच दिवस थांबलो होतो. पण डबीच्या मोजणीवर सही माझीच होती. चोवीस मोजले होते, ते मला आठवत होतं.

टेबल, चटई, कोटाच्या घड्या, हातमोजे उलटे करून पाहिले. हे वॉशर स्टेनलेस स्टीलचे, त्यामुळे चुंबकाचा उपयोग नाही. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन उरलेल्या दोन उघड्या बाजूंनी आत पाहिलं. काहीच दिसलं नाही. निरीक्षक आले, त्यांनी नोंद वाचली आणि एवढंच विचारलं, "उघडायचं ना?" मी हो म्हटलं.

इथे, टेबलावर, आत पडलेला वॉशर तळाशी जाऊन गप्प बसेल. वर अवकाशात तळच नसतो. तो तरंगत राहील, आणि कधीतरी बॅटरीच्या टोकाला किंवा दोन पिनांच्या मध्ये टेकेल. त्याआधी प्रक्षेपणाची कंपनं त्याला कुठे नेऊन ठेवतील ते वेगळंच.

बसवलेले दोन्ही पॅनेल काढले. प्रत्येक काढलेल्या स्क्रूची नोंद, प्रत्येक सोडवलेल्या कनेक्टरची नोंद. कारण कनेक्टर किती वेळा जोडला-सोडवला यालाही मर्यादा असते. पावणेआठला सहकारी म्हणाले, "सापडला." दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीच्या मध्ये, पिनांच्या ओळीच्या मुळाशी आडवा. ब्रॅकेट लावताना चिमट्यातून निसटला असणार. मला आवाजही आला नव्हता.

नवीन शिकायला आलेल्या मुलांना मी २००३ मधली गोष्ट सांगते. नोआ-एन प्राइम नावाचा मोठा हवामान उपग्रह गाडीवर आडवा करताना जमिनीवर पडला. ज्या पट्टीने तो धरून ठेवायचा, तिचे चोवीस बोल्ट दुसऱ्या कामासाठी काढले गेले होते. त्याची नोंद नव्हती, आणि कागदावर तपासणी झाल्याची सही होती. दुरुस्तीला साडेतेरा कोटी डॉलर लागले, तो उडायला २००९ उजाडलं. आजवर मी ती गोष्ट दुसऱ्यांची म्हणून सांगत होते. आज चोवीस हा आकडा माझ्याही कागदावर होता, आणि संध्याकाळभर ते डोक्यातून गेलं नाही.

फॉर्मवर 'उघडण्याचे कारण' असा रकाना आहे. मी लिहिलं: वॉशर माझ्या हातून आत पडला, पडताना लक्षात आलं नाही, पुढच्या मोजणीत कमी आढळला. निरीक्षकांनी वाचून खाली सही केली. काही बोलले नाहीत, पण जाताना म्हणाले, "शेकरचं मी बघतो, तुम्ही आधी जेवा."

प्रक्षेपकातून बाहेर पडल्यावर नियमाप्रमाणे उपग्रह पहिला पाऊण तास रेडिओ चालू करत नाही. माझ्या पहिल्या उपग्रहाच्या वेळी तो पाऊण तास मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते. आत लावलेला एकेक स्क्रू डोळ्यांसमोरून जात होता, आणि एकाही ठिकाणी 'बहुतेक' म्हणावं लागलं नाही याचा केवढा आधार वाटला होता.

तो वॉशर पुन्हा वापरायचा नाही. पाकिटात घालून, क्रमांक टाकून फाइलला लावला आहे. उद्या आठला पिनांची भिंगाखाली तपासणी आहे, ओरखडा आढळला तर ती पट्टीच बदलावी लागेल. तसं होऊ नये असं फार वाटतंय. नवी डबी मागवली आहे. मोजून मीच घेणार.