दुसऱ्यांदा दिली एकदाची

आज रिपीटची एन्ट्रन्स दिली आणि बाहेर आल्यावर आम्ही चौघं गेटपाशी जे बसलो ते तासभर हललोच नाही. मी सहज म्हटलं, मागच्यापेक्षा सोपा होता ना पेपर, तर एकजण भडकलाच, अरे सोपा म्हणजे सगळ्यांनाच सोपा, कटऑफ वर जाणार, त्यात तुझं काय भलं? बरोबरच आहे म्हणा.

मागच्या वेळी निगेटिव्ह मार्किंग (चुकलं की मार्क कापतात) असूनही मी बिनधास्त तुक्के मारलेले, एकदोन ऑप्शन तरी कटले तरच रिस्क घ्यायची हे कुणी सांगितलंच नव्हतं (सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल). यावेळी शहाण्यासारखे 17 प्रश्न सोडले आणि आता त्या 17 चंच वाईट वाटतंय. मैत्रिणीचं तर वेगळंच, पोर्शन तिचा पाठ, पण एका गणितात 8 मिनिटं गेली आणि मग घाईत ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, गोल एक ओळ खाली भरत गेली, पेनाने भरलेले, खोडणार कसे. ती हसत सांगत होती, आम्हाला हसवेना.

शेवटी आन्सर की येईपर्यंत कुणी काही विचारायचं नाही असं ठरलं. उठतोय तोच एकजण, "ए, 42 वा बी ना?"

मी सी केलाय.