तुम्ही विचारलंत म्हणून: अजून १९८१चेच नियम का?

"नवी आवृत्ती इतकी सुटसुटीत आहे, तरी तुम्ही जुनंच काय धरून बसलात?" डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं रंगवायचा खेळ, तो खेळणारं कोणी नवं भेटलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याने उत्तरही मनाशी धरलेलं असतं: जुन्या आठवणी, दुसरं काय! पण हे नियम निघाले तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी कितीतरी मंडळी आज ते हौसेने खेळतात. त्यांना कसल्या आठवणी?

माझं उत्तर पैशात आहे. म्हणजे खेळातल्या पैशात. टॉम मोल्डवे यांनी १९८१च्या बेसिक संचात ठेवलेला हिशेब असा: खजिन्यातलं सोन्याचं एक नाणं भुयारातून सुखरूप बाहेर आणलं की एक अनुभवगुण. फायटरला दुसऱ्या पातळीवर जायला २,००० गुण लागतात, आणि एक ऑर्क (खेळातला राक्षसी शत्रू) मारल्याचे मिळतात १०. तेही सगळ्यांत वाटून. पहिल्या पातळीच्या जादूगाराचा जीव चार बाजूंच्या एका फाशाएवढा, मंत्र एकच, आणि जीव शून्यावर आला की मेला. आता सांगा, लढेल कोण? लढाई हा आतबट्ट्याचा धंदा ठरतो, म्हणून खेळाडू दबकत जातात, लाच देतात, थापा मारतात, पळतात. नियमही साथ देतात. ऑर्क दिसले की ते अंगावर येणार हे ठरलेलं नसतं. डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) दोन फासे टाकतो. २ पडले तर थेट हल्ला, १२ पडले तर चक्क मैत्री. लढाई जुंपली तरी त्यांचं धैर्य खचलंय का, हे पुन्हा दोन फाशांवर बघतात. माझ्या टेबलावरची सगळ्यात रंगलेली सत्रं ही अशी वाटाघाटींची आहेत.

२०००च्या तिसऱ्या आवृत्तीपासून खोलीची झडती घ्यायची तर वीस बाजूंचा फासा टाकून कौशल्याचा आकडा मिळवायचा, ही रीत पक्की झाली. मला "पलंगाखाली काठी फिरवतो" हे ऐकायला जास्त आवडतं. (गुप्त दारासाठी जुन्या नियमांतही फासा आहेच, उगाच सोवळेपणा नको.)

सगळंच काही गोड नाही. आर्मर क्लासचा आकडा जितका कमी तितकं संरक्षण जास्त, हे गणित मला कधीच पटलेलं नाही. एल्फ हा वंशही आणि पेशाही, हेही विचित्रच. आणि तुम्ही पात्राचं बालपण, त्याचा सूड, त्याची हरवलेली बहीण असं सगळं लिहून येणार असाल, तर पाचवी आवृत्तीच खेळा. तिथे एका रात्रीच्या विश्रांतीत सगळा जीव भरून येतो, मरताना तगून राहण्याच्या संधी मिळतात. लांबलचक कथेला ते हवंच.

जुनी पुस्तकं शोधत फिरावं लागतं, असंही नाही. २०००मध्ये आलेल्या खुल्या परवान्यामुळे इतरांना जुने नियम नव्याने लिहिता आले: २००६ला ओस्रिक, २०१९ला ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स. दुसऱ्यात १९८१चेच नियम आहेत, फक्त मांडणी इतकी नेटकी की पानं चाळावी लागत नाहीत.

यावर पुढचा प्रश्न येतोच: पात्र मेलं तर त्या खेळाडूने नुसतं बसायचं का? नाही. नव्या पात्राच्या सहा गुणांसाठी तीन फासे सहा वेळा टाकायचे, पेशा निवडायचा, सामान लिहायचं. पुढच्या खोलीत कोणीतरी कैदी सापडतोच, तेच हे नवं पात्र.