पंचवीस हजारांत सस्पेन्शन

गेल्या आठवड्यात सुदामा नगरातून आतेभावाचा फोन आला. "दादा, स्विफ्ट खाली करायची आहे, रस्त्याच्या जवळ बसवायची. पंचवीस हजार जमवलेत. आखूड स्प्रिंगा घेऊ का?" गाडी २०१४ची, सेकंडहँड घेतलेली, एक लाख किलोमीटर ओलांडलेली. रोज राऊवरून पीथमपूरला जाणं-येणं आणि महिन्यातून एकदा आत्याला घेऊन भेरूघाटातून ओंकारेश्वर.

फोनवर मी "घाई करू नकोस" एवढंच बोललो. बाकीचं इथे लिहितोय, कारण इंदूरमध्ये जुन्या गाडीवर जीव लावून पैसे साठवणारा तो एकटाच नाही.

जर्मनीत श्टुटगार्टला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी २००६ची फोक्सवॅगन गोल्फ घेतली. पुलाचा सांधा आला की ती दोन-तीनदा डुलायची, वळणात अंग टाकायची. मलाही तेव्हा स्प्रिंगाच हव्या होत्या. पण जर्मनीत गाडी खाली केली तर त्या स्प्रिंगांचं प्रमाणपत्र लागतं, तपासनिसाकडून ती नोंद कागदांवर चढवून घ्यावी लागते. नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची परवानगीच धोक्यात येते. शिवाय दर दोन वर्षांनी तपासणी असते. माझी गाडी तपासणीला गेली तेव्हा तपासनिसाने तिला लिफ्टवर घेतलं, मागच्या शॉकवरून, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या तेलाच्या नळकांड्यावरून, आलेला ओघळ दाखवला आणि पुढच्या लोअर आर्मला, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याला, पहार लावून हलवलं. त्याच्या सांध्यातलं रबरी बुश फाटून उघडं पडलं होतं. कंपनीने बनवलेली गोल्फ कशी चालते हे मला तोवर माहीतच नव्हतं, आणि मी ती सुधारायला निघालो होतो.

म्हणून आधी हे समजून घे. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग परत उसळते आणि उसळतच राहते. तिला आवरायचं काम शॉकचं. आतलं तेल बारीक वाटांतून दाबलं जातं आणि हेलकाव्याची ताकद उष्णतेत जिरते. शॉक गेला की चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. अशा दमलेल्या शॉकवर आखूड, कडक स्प्रिंग बसवलीस तर त्याचं उरलंसुरलं आयुष्यही संपेल. आणि कोणी मिस्त्री स्प्रिंगचे वेढे कापून देतो म्हणाला तर गाडी तिथून काढ. कापलेली स्प्रिंग लहान होतेच, वर कडकही होते, आणि तिचं टोक बैठकीत नीट बसत नाही.

इथे जर्मनीत तासावर लिफ्ट भाड्याने देणारी गॅरेजं असतात. हत्यारं तिथलीच, हात आपले. मी एका शनिवारी चारही शॉक, पुढचे स्ट्रट माउंट (स्ट्रट म्हणजे शॉक आणि स्प्रिंगची जोडी, माउंट म्हणजे तिची वरची बैठक) आणि आर्मचे बुश बदलले. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने बोल्ट गंजून धरले होते, निम्मा दिवस त्यातच गेला. स्प्रिंग दाबून धरायचं काम मात्र शेजारच्या लिफ्टवरच्या जाणत्या माणसाकडून करवून घेतलं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. तू हे घरी करू नकोसच.

आता तुझे पंचवीस हजार. टायर आधी बघ. आतल्या-बाहेरच्या कडेने किंवा चकत्याचकत्यांनी झिजले असतील तर दोष कुठे आहे ते टायरच सांगतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपास. मग गाडी लिफ्टवर चढवून लिंक रॉड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश बघून घे. हे चाकाजवळचे छोटे, स्वस्त जोडभाग आहेत, आणि "शॉकर गेले" म्हणून ऐकू येणारी खडखड पुष्कळदा त्यांचीच असते. त्यानंतर चार नवे शॉक, अस्सल आणि पक्क्या बिलावर. पैसे कमी पडले तर दोन घे, पण जोडीनेच. माउंट आणि बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबून आपटू नये म्हणून असलेला ठोकळा) त्याच वेळी बदल, कारण तो स्ट्रट पुन्हा उघडायची मजुरी पुन्हा द्यावी लागते. शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घे.

एक गोष्ट मिस्त्रीजवळ उभं राहून बघ: बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावर, गाडीचं वजन पडल्यावर शेवटचे आवळायचे. लटकत्या आर्मवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात, पण रस्त्याची थरथर आत आणतात. आत्या मागे बसते, तू रबरच घे.

आणि गाडी खाली करायचं म्हणशील, तर आपल्या माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वरचा रस्ता लाटा घेतो. तिथे चाकाला वर-खाली व्हायला जागा हवी. तू पीथमपूरला नॅट्रॅक्सजवळून, त्या गाड्यांच्या चाचणी केंद्राजवळून, जातोस ना? त्या ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकवर खाली बसलेली गाडी छान धावेल. तुझा रस्ता कुंपणाच्या बाहेरचा आहे.

काल रात्री त्याने फोटो पाठवला: मागचा उजवा शॉक, तेलाने भिजलेला, त्यावर धुळीचा जाड थर. मी त्याला शनिवारी अर्धा दिवस सुट्टी घ्यायला सांगितलंय. बुश उघडले की व्हिडिओ कॉल लावणार आहे.