देवाच्या डोक्यावर पुस्तकं

कोरियात डोंगर चढायला निघालेली माणसं पाहिली की आपण चुकून हिमालयाच्या मोहिमेत घुसलो की काय, असं वाटतं. रविवारी सकाळी देगू शहराच्या मेट्रोत अर्धा डबा त्यांचाच असतो. घोट्यापर्यंतचे बूट, दोन्ही हातांत काठ्या, जांभळं नाहीतर पोपटी जाकीट, रुंद काठाची टोपी, पाठीवर सॅक आणि सॅकला लटकणारा स्टीलचा पेला. वय बहुतेकांचं साठीच्या पुढे. आणि एवढा जामानिमा करून चालले कुठे, तर गावाच्या कडेच्या टेकडीवर. माझ्या पायांतले साधे कापडी बूट पाहून शेजारच्या आजुम्मा अशा काही हळहळतात, की उतरून परत घरी जावं की काय असं होतं. (आजुम्मा म्हणजे तिकडच्या काकू. तोंडावर म्हणायला जरा जपून. स्वतःला काकू म्हणवून घ्यायला तिकडेही कुणाला आवडत नाही.)

देशाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग डोंगराळ, तेव्हा चढणार नाहीत तर काय करतील? पण मला गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तिथला कुठलाही नाव घेण्याजोगा डोंगर निवडा, वाट एखाद्या बौद्ध मठाच्या अंगणातून नाहीतर कुंपणाला घासून जाणारच. याला इतिहासही आहे. ध्यानधारणेसाठी डोंगर गाठायची जुनी परंपरा होतीच, पण १३९२ साली जोसॉन घराणं गादीवर आलं आणि त्या कन्फ्यूशियसवादी राजांना भिक्षू डोळ्यांसमोर नकोसे झाले. शहरांतले मठ मोडले, भिक्षूंना राजधानीच्या वेशीत यायलाच बंदी घातली. ती उठली थेट १८९५ मध्ये. डोंगरातले मठ मात्र तगले. पुढे १९६७ पासून सरकारने राष्ट्रीय उद्यानं आखायला घेतली, तेव्हा त्या हद्दींत मठ आपोआप आले. ते आधीपासूनच तिथे बसलेले होते. हाकलून लावलं ते असं पथ्यावर पडलं.

गयासान हा त्यातलाच एक डोंगर. १९७२ पासून राष्ट्रीय उद्यान. नाव आपल्या गयेवरून पडलं असं सांगतात. त्याच्या कुशीत हेइन्सा नावाचा मठ आहे, ८०२ साली स्थापन झालेला. देगूहून बस दीडेक तासात तिथे नेऊन सोडते. मी मात्र अलीकडेच उतरून होंगन्यूदोंगच्या ओढ्याकाठची वाट धरली. नवव्या शतकातला छ्वे छिवॉन नावाचा मोठा पंडित, चीनच्या दरबारात नोकरी करून परत आलेला, मायदेशीच्या राजकारणाला विटून याच ओढ्याकाठी येऊन राहिला. पाण्याचा आवाज इतका, की जगातली भांडणं कानांवर पडत नाहीत, अशा अर्थाची कविता त्याने इथे लिहिली. आवाज अजून तेवढाच आहे. पाणी मोठमोठ्या गुळगुळीत धोंड्यांवरून असं दणदणत येतं, की बरोबरच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. मग आपण बोलणं सोडून देतो. पंडिताचं खरं होतं.

या वाटेवर काही वर्षांपूर्वीपर्यंत एक भांडण मात्र हमखास ऐकू यायचं. उद्यानांचं प्रवेशशुल्क सरकारने २००७ मध्ये रद्द केलं, पण मठ आपल्या वारशाच्या जपणुकीसाठी वेगळं तिकीट घेतच राहिले. तिकिटाची खिडकी मठाच्या दारात असती तर कुणी काही म्हटलं नसतं. ती असायची डोंगराच्या वाटेवर. ‘मला देऊळ बघायचंच नाही, वर जायचंय, पैसे कशाचे?’ हा प्रश्न कोरियातल्या डोंगरांत वर्षानुवर्षं घुमला. अखेर २०२३ च्या मे महिन्यात बहुतेक मठांनी तिकीट बंद केलं आणि तो भार सरकारी तिजोरीने उचलला. चढणाऱ्यांचं म्हणणं मला पटायचं. पण गवंडी, सुतार, कौलं, रंग यांचे पैसे कुठून तरी यायला हवेतच, हेही तिथली रंगीत आढी पाहिली की पटतं.

मठात शिरायचं ते एकामागून एक दरवाजांतून. पहिला नुसता खांबांवर तोललेला, दोन्ही बाजूंना भिंतच नाही. मग चार दिक्पालांचा. हेइन्सात ते चित्रात आहेत, इतरत्र चांगले दोन पुरुष उंचीचे लाकडी असतात. डोळे वटारलेले, पायाखाली कुणीतरी चेंगरलेलं. लहान मुलं तिथे हमखास रडतात आणि आया हमखास फोटो काढतात. पुढे मोठं अंगण, आणि पायऱ्या चढून गेलं की मुख्य मंदिर. आत वैरोचन बुद्ध. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे.

रीत मोडते ती मंदिराच्या मागे. तिथून आणखी एक उभा जिना वर जातो आणि वर, बुद्धाच्याही माथ्यावर, ग्रंथालय आहे. देवाच्या डोक्यावर पुस्तकं. ज्या घरात पुस्तकाला चुकून पाय लागला तर नमस्कार करायला शिकवतात, तिथल्या बाईला हे पाहून किती बरं वाटलं असेल, ते सांगायला नको.

पुस्तकं म्हणजे खरं तर छापायच्या फळ्या. एक्याऐंशी हजारांवर लाकडी फळ्या, दोन्ही अंगांनी उलटी चिनी अक्षरं कोरलेल्या: अख्खं त्रिपिटक आणि त्यावरची भाष्यं. तेराव्या शतकात मंगोल फौजा देशभर धुमाकूळ घालत होत्या. आधीच्या फळ्या त्यांनी १२३२ मध्ये जाळून टाकल्या. तेव्हाच्या गोर्यो घराण्याचा राजा गांग्ह्वा बेटावर जाऊन बसला आणि त्या पळापळीत दरबाराने काय ठरवलं, तर सगळं नव्याने कोरायचं. बुद्धाची कृपा होईल आणि मंगोल जातील, ही आशा. काम सोळा वर्षं चाललं. मंगोल काही गेले नाहीत. पुढे गोर्यो दरबाराला त्यांच्याशी जुळवून घ्यावंच लागलं. फळ्या मात्र राहिल्या. नवससुद्धा असा असावा, की फळला नाही तरी हातात काहीतरी उरावं.

एकेक फळी पाऊण मीटरच्या आतबाहेर लांब, वजन तीन-साडेतीन किलो. लाकूड मुख्यतः रानचेरीचं आणि रानातल्या पेअरचं. एका बाजूला तेवीस ओळी, ओळीत चौदा अक्षरं. सगळी मिळून पाच कोटींच्या वर अक्षरं होतात आणि कोरणारे हात अनेक असूनही वळण एकाच हाताचं वाटतं. फळी वाकू नये म्हणून दोन्ही टोकांना जाड लाकडी पट्ट्या ठोकल्या आहेत, कोपऱ्यांना तांब्याचा पत्रा. त्या पट्ट्यांमुळे एक फळी दुसरीला चिकटत नाही, मधे फट राहते. या फटीपाशी मी बराच वेळ रेंगाळले. आत जाऊ देत नाहीत, फोटोही काढू देत नाहीत. उभ्या गजांच्या खिडकीला नाक लावून जेवढं दिसेल तेवढं पाहायचं. आत अर्धवट उजेड, मांडण्यांवर मांडण्या आणि त्यांत पुस्तकासारख्या उभ्या लावलेल्या काळपट फळ्यांच्या कडा. वास लाकडाचा आणि थोडा मातीचा. आणि गालाला लागणारी गार झुळूक.

ती झुळूक हीच तिथली सगळी यंत्रणा. या फळ्या १३९८ च्या सुमारास इथे आणल्या आणि आजच्या इमारती पंधराव्या शतकातल्या. साठेक मीटर लांबीच्या दोन साध्या खोल्या. नक्षी नाही, रंगरंगोटी जवळजवळ नाही. बांधणाऱ्याने सगळी हुशारी खिडक्यांत घातली आहे. समोरच्या भिंतीत खालची खिडकी मोठी, वरची लहान. मागच्या भिंतीत नेमकं उलटं: वरची मोठी, खालची लहान. वारा समोरून खालून शिरतो, फळ्यांच्या फटींतून फिरतो आणि मागून वरून निघून जातो. जमिनीत कोळसा, चुना, मीठ आणि माती यांचे थर. पावसाळ्यात ओल पितात, कोरड्यात परत सोडतात. काच नाही, पंखा नाही, वीज नाही. खिडक्या पाचशेहून जास्त वर्षं उघड्या. मठाच्या इतर इमारतींना अनेकदा आग लागली, १८१७ साली तर मोठीच. ग्रंथालय प्रत्येक वेळी वाचलं.

विसाव्या शतकात सरकारला वाटलं, एवढा ठेवा असा वाऱ्यावर कसा सोडायचा? सत्तरच्या दशकात नवं, पक्कं, आधुनिक कोठार बांधलं. चाचणीसाठी काही फळ्या तिकडे नेल्या, तर त्यांना नवी जागा मानवेना. शेवटी बेत सोडून दिला आणि फळ्या आपल्या जुन्या खोल्यांत परतल्या. हे वाचल्यापासून मला त्या निनावी सुताराबद्दल अपार जिव्हाळा वाटतो. काही जपायचं म्हटलं की आपला हात आधी कुलपाकडे जातो. या माणसाचा खिडकीकडे गेला.

वर्षातून एकदा, वसंतात, भिक्षू आणि गावोगावचे भाविक फळ्यांच्या प्रतिकृती डोक्यावर घेऊन अंगणात फिरतात. साहित्य संमेलनाच्या ग्रंथदिंडीत चाललेल्या कुणालाही तिथे मधेच उभं केलं तर तो न बिचकता पावलं टाकू लागेल. फक्त झांजा कुठे आहेत, एवढं विचारेल.

फळ्या वाचण्यात एका माणसाचाही हात आहे. १९५१ मध्ये, कोरियन युद्धात, या डोंगरात गनिमी दस्ते लपले होते आणि हेइन्सावर बॉम्ब टाकायचा हुकूम सुटला. विमानांच्या तुकडीचा प्रमुख होता किम यंग-ह्वान. त्याने मठावर बॉम्ब टाकायला नकार दिला. युद्धकाळात हुकूम मोडायचा म्हणजे काय, हे त्याला नक्कीच ठाऊक असणार. तीनच वर्षांनी, १९५४ मध्ये, उड्डाणात तो बेपत्ता झाला. सरकारने मरणोत्तर पदक दिलं २०१० साली. मठाच्या वाटेवर त्याच्या नावाचा दगड आहे. काठ्या टेकत निघालेली माणसं तिथे घटकाभर थांबतात, पाणी पितात, पुढे जातात.

आणखी एकाचं नाव इथे सारखं निघतं: भिक्षू सॉन्गचॉल. १९९३ मध्ये गेले. १९८१ साली पंथाच्या सर्वोच्च पदावर त्यांची निवड झाली, तेव्हा ‘डोंगर डोंगर आहे, पाणी पाणी आहे’ असा संदेश त्यांनी पाठवला आणि सोहळ्याला स्वतः गेलेच नाहीत. भेटायला येणाऱ्यांना अट एकच: आधी बुद्धाला तीन हजार दंडवत. मंत्री असो की शेतकरी, सवलत नाही. किती जणांचे प्रश्न पाचशेव्या दंडवतालाच सुटले असतील, कोण जाणे.

मुख्य शिखर सांग्वांगबोंग, १,४३० मीटर. मठापासून चारेक किलोमीटरची चढण. शेवटी नुसता कातळ आणि त्याला ठोकलेले लोखंडी जिने. वाटेत मानेशी तुटलेला एक दगडी बुद्ध उभा आहे. माझी धाप ऐकून एका जोडप्याने सोललेली काकडी पुढे केली. कोरियन डोंगरात काकडी हे चलन आहे. पूर्वी माथ्यावर माकगॉल्ली, म्हणजे तांदळाची पांढुरकी दारू, चालायची. २०१८ पासून उद्यानांच्या शिखरांवर बंदी आली, आणि अनेक म्हातारबांच्या मते तेव्हापासून डोंगरांची उंची वाढली. शिखरावर कातळातच एक पाण्याचा खळगा आहे. शेजारचं छिलबुलबोंग मोजणीत तीनेक मीटर जास्त भरलं, आणि तेव्हापासून खरा माथा कुणाचा यावर हाप्चॉन आणि सॉन्जू या दोन तालुक्यांत रुसवेफुगवे आहेत. तीन मीटर! मी दोन्हीकडे जाऊन आले, उगाच कुणाला वाईट वाटायला नको.

उतरेपर्यंत मठात संध्याकाळचे ठोके सुरू झाले होते. आधी मोठा ढोल, जमिनीवरच्या प्राण्यांसाठी. मग पाण्यातल्या जिवांसाठी लाकडी मासा, पाखरांसाठी ढगाच्या आकाराचा धातूचा पत्रा आणि शेवटी नरकात अडकलेल्यांसाठी घंटा. ढोल एकामागून एक भिक्षू वाजवतात. दुसरा बाजूला येऊन उभा राहतो, पहिल्याच्या टिपऱ्यांत आपल्या टिपऱ्या मिसळतो, आणि पहिला केव्हा बाजूला झाला ते कानाला कळतच नाही. कळतं ते फक्त बाह्या सरसावण्यावरून.

खाली खानावळींची रांग. रानभाज्यांचा बिबिमबाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, घेतला. शाकाहारी माणसाला कोरियात किमची, म्हणजे आंबवलेली तिखट भाजी, तीसुद्धा बेभरवशाची, तिच्यात माशाचं पाणी असतं. मठाच्या स्वयंपाकात ते नाही, कांदा-लसूणही नाही. बाहेरच्या खानावळीत मात्र दोन्हींची रेलचेल. भाज्या रानातल्या होत्या, एवढं समाधान मानलं. बरोबर ओकफळांच्या पिठाची थुलथुलीत वडी. तिला स्वतःची अशी चव नाही. सगळी मदार वरच्या सोया सॉसवर.

वाटेच्या तोंडाशी धूळ झाडायला हवेच्या बंदुका टांगलेल्या असतात. मी बूट झाडत होते, तेवढ्यात एका आजुम्मांनी न विचारता दुसरी बंदूक माझ्या पाठीवर धरली आणि मला डोक्यापासून टाचेपर्यंत लख्ख करून टाकलं. ‘वळा,’ म्हणाल्या. वळले. समोरूनही झालं. मग कुठली म्हणून चौकशी. ‘इंदो,’ मी म्हटलं. बाईंचा चेहरा खुलला. ‘मग गयेला जात असाल सारख्या!’

मी आजवर गयेला गेलेली नाही. त्या आपल्या मठाच्या मंडळींबरोबर दोनदा जाऊन आल्या होत्या. झाड छान आहे म्हणाल्या, गर्दी फार, आणि चहात साखर किती घालता हो तुम्ही!