सेन्सेंचा पत्ता

आमच्या संस्थेत जपानी शिकवायला आलेल्या नव्या सेन्सेंचा (सेन्से म्हणजे जपानीत शिक्षक) पुण्यातला बारावा दिवस. ई-एफआरआरओचा, म्हणजे परदेशी नागरिकांच्या ऑनलाइन नोंदणीचा अर्ज भरायला बसलो, पत्त्याचा पुरावा म्हणून फॉर्म सी, म्हणजे परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची नोंद उघडली, तर त्यावर शिवाजीनगरच्या हॉटेलचा पत्ता. बाई तीन दिवसांपासून कर्वेनगरात राहत होत्या.

१८० दिवसांहून मोठ्या एम्प्लॉयमेंट व्हिसावर आलेल्या माणसाने १४ दिवसांत नोंदणी करायची असते. २०१८ पासून हे काम ऑनलाइन झालंय. पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा, आगमनाचा शिक्का, नोकरीचा करार आणि संस्थेचं हमीपत्र हे आमच्या हातातले कागद. पत्त्याचा पुरावा घरमालकाच्या हातात, आणि घोडं अडतं ते तिथेच. (दिवस शिक्क्यापासून मोजायचे. विमान रात्री साडेअकराला उतरलं तर इमिग्रेशनची रांग संपेपर्यंत तारीख बदललेली असते, आणि तिकिटावर मात्र आदल्या दिवसाची राहते.)

व्हिसाची अडचण आली नव्हती. परदेशी कर्मचाऱ्याला वर्षाला किमान १६ लाख २५ हजार पगार हवा, अशी अट आहे. इंग्रजी सोडून इतर भाषांच्या शिक्षकांना त्यातून सूट मिळते. ती नसती तर आमच्यासारख्या संस्थेला जपानहून शिक्षक आणणं झेपलंच नसतं.

फॉर्म सी (२०२५ पासून त्याला फॉर्म III म्हणतात) भरायचा तो छप्पर देणाऱ्याने, पाहुणा आल्यापासून २४ तासांत. हॉटेलवाले रिसेप्शनवरच भरून टाकतात. मुक्काम हलला की नव्या मालकाने नवा भरायचा. मी घरमालकांना फोन लावला.

"काका, फॉर्म सी राहिला का?"

"राहिला कसा? पोलिसांच्या साइटवर परवाच भरलाय. पावती आहे माझ्याकडे."

पावती खरीच होती, पण भाडेकरूच्या माहितीची. ती नोंद आपल्या नागपूर-कोल्हापूरच्या भाडेकरूचीही करतात. फॉर्म सी परदेशी माणसापुरता, त्याची साइटही वेगळी. 'पोलिसांचा फॉर्म' म्हटलं की मालक जो आधी सापडेल तो भरतात. त्यात त्यांची चूक नाही. दोन्हींची नावं आम्हीच आधी कागदावर लिहून द्यायला हवी होती.

लॅपटॉप घेऊन घरी गेलो. काकांनी आधी चहा ठेवला, मग चष्मा शोधला. घराच्या नावाने खातं उघडलं, त्यांचं ओळखपत्र जोडलं आणि रकाने भरायला घेतले. भारतात आल्याची तारीख आणि या घरी आल्याची तारीख, असे दोन वेगळे रकाने असतात. दोन्हींत एकच तारीख टाकली की हॉटेलचे दिवस हवेत लटकतात. 'कुठून आलात' यात टोकियो नाही, आधीचा मुक्काम लिहिला.

आडनाव ओनो. काकांनी ऐकल्याप्रमाणे इंग्रजीत मध्ये एक 'एच' घातला. पासपोर्टवर तीनच अक्षरं: ओ, एन, ओ. मी सेन्सेंना विचारलं, तर त्यांनी वहीत दोन चित्राक्षरं काढून दाखवली. जपानीत दीर्घ 'ओ' असला तर अर्थ मोठं रान, ऱ्हस्व असला तर छोटं रान. दोन्ही वेगवेगळी आडनावं, पण पासपोर्टवर बहुधा सारखीच छापली जातात. "तुम्ही कुठल्या रानातल्या?" काकांनी विचारलं. मोठ्या. तरी 'एच' काढलाच, कारण अर्ज तपासणारा पासपोर्टाकडे बघतो, उच्चाराकडे नाही.

भाडेकरार आधीच नोंदवलेला होता म्हणून निभावलं. एरवी लिव्ह अँड लायसन्सवाला एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो आणि अर्ध्या तासात काम उरकतो. पण ते मशीन आधारवर चालतं, आणि नुकत्याच आलेल्या परदेशी माणसाकडे आधार नसतं. मग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायचं: वेळ घ्यायची, मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार घेऊन हजर व्हायचं. खर्च फार नाही. १८ हजार भाडं, ५४ हजार अनामत आणि ११ महिने धरा. भाड्याचे १ लाख ९८ हजार आणि अनामतीवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज ४,९५० मिळून जी रक्कम होते, तिच्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे पाचशेच्या आसपास. शिवाय शहरात नोंदणी फी एक हजार. खरा खर्च काकांच्या अर्ध्या दिवसाचा.

फॉर्म सबमिट करत होतो तेवढ्यात स्वयंपाकघरातून जळका वास आला. सेन्सेंनी जपानहून आणलेला भाताचा कुकर फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लावून चालू केला होता. तिकडची वीज १०० व्होल्ट, आपली २३०. व्होल्टेज २.३ पट झालं की हीटर पाचपटीहून जास्त वीज ओढतो. फोन-लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० व्होल्टचे असतात, त्यांना नुसता अडॅप्टर पुरतो. म्हणून माणसाला वाटतं, कुकरलाही पुरेल. उपकरणामागची पट्टी वाचायची. नुसतं १०० लिहिलं असेल तर ट्रान्सफॉर्मर हवा, आणि कुकरला झेपेल असा ट्रान्सफॉर्मर उचलतानाच कंबर मोडते. त्यापेक्षा इथलाच कुकर घेतलेला बरा.

काकूंनी मात्र साध्या प्रेशर कुकरमध्ये इंद्रायणी लावला. मऊ, चिकट, चॉपस्टिकने घास उचलता येईल असा. सेन्सेंनी तांदळाचं नाव तीनदा विचारून काटाकाना या जपानी लिपीत लिहून घेतलं. बासमती आवडत नाही हे त्यांनी नऊ दिवस सभ्यपणे लपवलं होतं.

ई-एफआरआरओचा अर्ज त्याच संध्याकाळी गेला, आणि काही दिवसांनी परवाना मेलवर आला. मी तीन प्रती काढल्या. एक बँकेत खातं उघडायला, एक आमच्या फायलीला. तिसरी काकांनी मागून घेतली आणि मीटरच्या कपाटात आतून चिकटवली, वीजबिलांच्या शेजारी.