वेलमधली पिवळी झाक

बेळगावातल्या एका लॅबमध्ये मी बरीच वर्षं सेरॉलॉजी, म्हणजे रक्तातल्या सीरमच्या तपासण्या, सांभाळते. हेपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूसाठीच्या एलायझा चाचणीची प्लेट आमच्याकडे आठवड्यातून दोनदा लागते. प्लेटमध्ये छोटे खळगे असतात, त्यांना वेल म्हणतात. एका वेलमध्ये एक नमुना, आणि त्यात विषाणूचं प्रथिन सापडलं की वेलला पिवळा रंग चढतो. बहुतेक वेळा प्लेट लावायची, मशीनला द्यायची, आलेला कागद सही करून खाली पाठवायचा, एवढंच काम असतं. त्या गुरुवारीही सहीसाठी पेन हातात घेतलं होतं.

नमुना दहा महिन्यांच्या बाळाचा होता. जांबोटीच्या पलीकडच्या एका खेड्यातलं बाळ. आई पॉझिटिव्ह आहे हे गरोदरपणातच कळलं होतं. त्यामुळे जन्मल्यावर बारा तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूला धरणाऱ्या तयार अँटिबॉडी) दोन्ही दिलेलं, पुढचे डोसही तारखेला घेतलेले. आजीनं ते लसीचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रुमाल गुंडाळून आणलं होतं. आईकडून बाळाला लागण होऊ दिली तर पुढे आयुष्यभराचं दुखणं व्हायची शक्यता दहात नऊ. ती वाट अडवायला या घरानं जे करायचं ते सगळं केलं होतं.

अँटी-एचबीएस, म्हणजे लसीनं तयार होणाऱ्या अँटिबॉडीचं प्रमाण, ६४ आलं. १० च्या वर गेलं की संरक्षण तयार झालं असं धरतात. विषाणूचं पृष्ठप्रथिन, म्हणजे एचबीएसएजी, रॅपिड कार्डावर निगेटिव्ह. एलायझातही मशीननं निगेटिव्हच छापलं. सगळं जुळत होतं.

पण प्लेट उचलून टाकताना ती पांढऱ्या कागदावरून गेली आणि बाळाच्या वेलमध्ये मला झाक दिसली. निगेटिव्ह वेल पाण्यासारखी असते. ही तशी नव्हती, लिंबाचा एक थेंब पडल्यासारखी होती. मशीननं मोजलेले रंगाचे आकडे काढून बघितले. कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या वर पॉझिटिव्ह धरतात तो आकडा, ०.१२. बाकीचे निगेटिव्ह नमुने ०.०३, ०.०४, फार तर ०.०५. बाळाचा ०.१०. नियमानं निगेटिव्ह. पण या आकड्याच्या शेजारी दुसरा कुणीच नव्हता.

प्लेट धुण्यात चूक झाली असेल, असं आधी वाटलं. खात्री करायची तर परत लावायला हवं, आणि बाळाचं रक्त ते केवढं! नळीच्या तळाशी जेमतेम एका वेलपुरतं सीरम उरलं होतं. त्याच किटवर लावलं तर फार तर तोच आकडा परत आला असता. आमच्याकडे दुसऱ्या एका कंपनीचंही किट होतं. पहिल्यातल्या अँटिबॉडी मोनोक्लोनल, म्हणजे प्रथिनाच्या एकाच जागेवर बोट ठेवणाऱ्या. दुसऱ्यातल्या पॉलिक्लोनल, चार ठिकाणी चाचपून बघणाऱ्या. उरलेलं सगळं सीरम मी दुसऱ्यावर लावलं.

खाली आजी वाट बघत बसलेल्या. "बाई, रिपोट झाला काय? पाचची गाडी चुकायलीय बघा." मी म्हटलं, "आज्जी, अजून थोडं थांबा." त्यांनी बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि काही बोलल्या नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं मला जड गेलं.

दुसऱ्या किटवर वेल पिवळीधमक झाली.

बालरोगतज्ज्ञांना फोन केला. लहान बाळात कोअर अँटिबॉडी (विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धची) बघून उपयोग नसतो, ती आईकडून आलेली असते आणि वर्ष-दीड वर्ष टिकते. म्हणून थेट विषाणूचा डीएनए मोजायचा ठरलं. बाळाचं परत रक्त काढलं, ते रडलं, गाडीही चुकली. नमुना बेंगळुरूला गेला. डीएनए पॉझिटिव्ह आला. डॉक्टरांनी ओळखीनं पृष्ठप्रथिनाच्या जनुकाचं सीक्वेन्सिंगही, म्हणजे अक्षर न् अक्षर वाचन, करवून घेतलं. प्रथिनाच्या साखळीत १४५ व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन.

हा बदल मी पुस्तकात वाचला होता. इटलीतल्या अशाच एका बाळाची हकीकत १९९० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली होती: आई पॉझिटिव्ह, लस झालेली, अँटिबॉडी आहेत आणि तरी विषाणू आहे. पृष्ठप्रथिन २२६ अमिनो आम्लांचं. त्यातला साधारण १२४ ते १४७ हा पट्टा वेटोळी घालून बाहेर डोकावतो, आणि लसीनं तयार झालेल्या अँटिबॉडी मुख्यतः तिथंच धरतात. ग्लायसीन सगळ्यांत लहान, त्याला विद्युतभार नाही. आर्जिनिन लांबट, धनभाराचं. ते आत बसलं की वेटोळ्याचा आकार बिघडतो आणि अँटिबॉडीची पकड सुटते. जनुकात बदललेलं असतं एकच अक्षर. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका तपासत नाही, त्यामुळे असे एकाक्षरी फरक होतच राहतात. इम्युनोग्लोब्युलिन आणि लस नेहमीच्या रूपाला अडवतात, तेव्हा बदललेल्याला वाट मोकळी मिळते. शरीराला जे ओळखू आलं नाही तेच आमच्या पहिल्या किटलाही आलं नाही, कारण दोघांची बोटं त्याच जागेवर होती.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांना भेटून सून आणि सासू दोघी लॅबमध्ये आल्या. सून खाली मान घालून उभी. आजी म्हणाल्या, "लस टोचलीय की हो सगळी. मग ह्येला कसं झालं? हिनं काय खाल्लं-पिल्लं काय?"

मी विचारलं, "आज्जी, कन्नड वाचता येतं?"

"कुठलं! मराठी चौथी झालीया."

"मग जांबोटीची गाडी कशी ओळखता?"

"पाटीवरचं पयलं अक्षर असं वळतंय की." त्यांनी हवेत बोटानं वळण काढून दाखवलं.

"उद्या कुणी तेवढंच वळण बदललं तर?"

"तर गाडी जाईल म्होरनं." त्या थांबल्या. मग सुनेकडे बघितलं. "म्हंजे पाटी बदलली व्हय."

"पाटी बदलली. हिनं काही केलं नाही, आणि लसही खोटी नव्हती." हे शेवटचं मी दोनदा सांगितलं, कारण गावात 'लस घेऊनबी झालं' एवढंच पोचलं असतं आणि पुढच्या बाळंतिणीनं लस नाकारली असती. तैवाननं १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस सुरू केली. तिथं मुलांमधलं या लागणीचं प्रमाण जवळपास दहा टक्के होतं, ते दहा वर्षांत दीड टक्क्याच्या खाली आलं. असे बदललेले विषाणू तिथल्या लस घेतलेल्या मुलांतही सापडले, पण म्हणून ते पसरत सुटले नाहीत.

बाळाचं यकृत आज चांगलं आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी आहे, औषध सध्या नाही. पॉझिटिव्ह आईचं बाळ असेल तर मी आता रिपोर्टवर नुसतं निगेटिव्ह लिहीत नाही, आकडाही लिहिते, आणि तो शेजाऱ्यांपासून वेगळा दिसला तर दुसरं किट उघडते. ते किट महाग आहे, मालक दर महिन्याला विचारतात. मी त्यांना ती प्लेट दाखवते. वेलमधला रंग केव्हाच उडालाय, पण मी ती टाकलेली नाही.

गेल्या खेपेला आजी आल्या तेव्हा बरोबर गावातली एक गरोदर पोरगी होती. "हिचं बी बघा बाई," म्हणाल्या, "त्या दुसऱ्या औषधावर."